पंधरा जानेवारी : चार्ज घेतल्याचा दिवस

15 जानेवारी 2023. रविवार होता आणि त्या साली संक्रांतही त्याच दिवशी आली होती. मी तेव्हा बंगळूरला पोस्टिंगवर. पहाटे सव्वापाचलाच फोन वाजायला लागला. गावाकडच्या शाळेच्या ग्रुपवर आमचा एक वर्गमित्र रोज 'दिनविशेष' टाकतो. शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात तोच लिहायचा, ती सवय काही गेली नाही. त्या दिवशीची यादी अशी : 1926, खाशाबा जाधव यांचा जन्म. 1929, मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्म. 1949, करिअप्पा लष्करप्रमुख, म्हणून लष्कर दिन. 2001, विकिपीडिया सुरू. खाली दुसऱ्या एकाने भर घातली, "पानिपतही संक्रांतीलाच झालं, विसरू नका." त्याच्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

खाशाबांचं नाव बघून बरं वाटलं. गोळेश्वर आमच्या कऱ्हाडजवळचंच. त्या दिवशी गूगल उघडलं तर तिथेही खाशाबांचं चित्र. 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलेला माणूस इतक्या वर्षांनी बंगळूरमध्ये माझ्या फोनवर कुस्ती खेळत होता. पण पानिपतचं वाचून राहवलं नाही आणि सणाच्या दिवशी मी ग्रुपवर वाद उकरून काढला.

पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ला झाली, हे बरोबर. त्या दिवशी संक्रांत होती, हे चूक. आपल्या पंचांगातली संक्रांत इंग्रजी तारखेत साधारण सत्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. त्याच्याही शंभर वर्षं आधी म्हणजे 1761 ला ती 10 तारखेच्या आसपास येणार. भाऊसाहेबांच्या छावणीत संक्रांत येऊन गेली होती, तीही उपाशीपोटी. आपल्याकडे 'संक्रांत कोसळली' हा शब्द इतका रुळलाय की तारीखही त्याच्यामागे ओढत नेली.

ग्रुपवर लगेच उत्तर आलं, "तारखेनं काय फरक पडतो? भावना बघ."

फरक पडतो, भाऊ. संक्रांत कोसळली म्हटलं की दोष ग्रहांवर जातो. तिथे कोसळली होती रसद. डिसेंबर 1760 मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि छावणीचा मोठा आधार तुटला. माणसं उपाशी, जनावरं मरायला टेकलेली, म्हणून 14 तारखेला सकाळी फौज बाहेर पडली. स्टोअरमध्ये आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला पानिपत समजतं ते इथून. दिनविशेषाच्या एका ओळीत लढाई मावते, संपलेलं धान्य मावत नाही.

आता यादीतली आमची ओळ. 1949, लष्कर दिन. सिव्हिलमधल्या अनेकांना वाटतं की त्या दिवशी आपण कुठली तरी लढाई जिंकलो असणार. तसं काही नाही. त्या दिवशी दिल्लीत जनरल सर रॉय बुचर यांनी करिअप्पांना चार्ज दिला, इतकंच झालं. एकाने सह्या करून सोडायचं, दुसऱ्याने सह्या करून घ्यायचं. आम्ही त्याला हँडिंग-टेकिंग म्हणतो. कंबल किती, तंबू किती, किती दुरुस्तीला, किती गहाळ. फौजेत वर्दी चढवलेल्या प्रत्येकाने हे केलेलं आहे.

करिअप्पांनी जे ताब्यात घेतलं त्याची यादी मनात मांडून बघा. स्वातंत्र्याला दीड वर्ष झालेलं, पण तोवर लष्कराचे प्रमुख इंग्रजच, आधी लॉकहार्ट आणि मग बुचर. फाळणीत रेजिमेंटा वाटल्या गेलेल्या. काश्मिरातली लढाई नुकती थांबलेली. युद्धबंदीला जेमतेम दोन आठवडे झालेले. आणि एक गोष्ट तर मी नव्या पोरांना सांगितली की ती माझ्याकडे बघतच राहतात : 1948 ला ही लढाई चालू असताना भारताच्या लष्कराचे प्रमुख इंग्रज आणि पाकिस्तानच्या लष्कराचे प्रमुख जनरल ग्रेसी, तेही इंग्रज.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, आमच्या बॉम्बे सॅपर्सचे, जखमी अंगाने सुरुंग आणि रस्त्यावरचे अडथळे काढत रणगाड्यांना वाट करून देत होते. गाव कारवारजवळचं चेंडिया, आज ते कर्नाटकात येतं. परमवीर चक्र मिळालं आणि ते घ्यायला ते जिवंत होते. 8 ते 11 एप्रिल 1948. करिअप्पांनी ताब्यात घेतलेलं लष्कर अशा माणसांनी आधीच आपलं करून ठेवलं होतं. 15 जानेवारीला त्यावर सही झाली.

म्हणजे दिवस फुसका आहे का? उलट, मला तो फार पटतो, आणि त्याचं कारण यादीत कधीच नसतं. ते चार वर्षं पुढे आहे. 14 जानेवारी 1953 ला करिअप्पा निवृत्त झाले. मुदत संपली, चार्ज राजेंद्रसिंहजींना दिला आणि साहेब निघाले. पलीकडे अयूब खान जानेवारी 1951 मध्ये पहिले पाकिस्तानी लष्करप्रमुख झाले. ते फाळणीआधी करिअप्पांच्या हाताखाली काम केलेले. त्यांनी ऑक्टोबर 1958 मध्ये देशच ताब्यात घेतला. करिअप्पा पुढे 1971 ला मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. मुंबईकरांनी माजी सेनापतीला मत दिलं नाही आणि कुणाचं काही बिघडलं नाही. 1986 ला त्यांना फील्ड मार्शल केलं, तेव्हा निवृत्तीला 33 वर्षं झाली होती.

म्हणून रणगाड्यांच्या आणि उडत्या मोटरसायकलींच्या फोटोखाली 'लष्कर दिन' लिहिलेलं बघितलं की मला थोडं खटकतं. विजय दिवस वेगळा आहे, 16 डिसेंबर, तिथे ती चित्रं शोभतात. 15 जानेवारीला शाळेतल्या पोरांना सांगायचं असेल तर चार्ज घेणं आणि वेळेवर देणं, हे सांगा. माझ्या काही जुन्या साथीदारांना हे बोलणं आवडत नाही. "पोरं भरती व्हायला जोश लागतो, रजिस्टर नाही," असं एका सुभेदार साहेबांनी मला तोंडावर सुनावलंय. त्यांचंही खोटं नाही.

तर त्या दिवशी बंगळूरला परेड होती. लष्कर दिनाची परेड पहिल्यांदाच दिल्लीबाहेर आली होती, मद्रास सॅपर्सच्या गोविंदस्वामी ग्राउंडवर. दिल्ली सोडली म्हणून मेसमध्ये बरीच कुरकुर झाली होती आणि तिच्यात माझाही आवाज होता. दिल्लीची ती शान इकडे कुठून येणार, वगैरे. ते बोलणं मी परत घेतो. करिअप्पा कोडगूचे, म्हणजे याच राज्यातले, आणि 15 मे 1993 ला त्यांनी शेवटचा श्वास घेतला तो याच शहरात. सलामी घेणारे प्रमुख जनरल मनोज पांडे आपल्या नागपूरचे आणि बॉम्बे सॅपर्सचे. इंजिनिअर कोअरमधून लष्करप्रमुख झालेले ते पहिले. बॉम्बेचा माणूस मद्रासच्या ग्राउंडवर सलामी घेतोय, याची मजा सॅपर्सनाच कळेल. आमची आणि थंबींची चढाओढ जुनी आहे. पुढे परेड लखनौला गेली आणि 2025 ला आमच्या खडकीला आली. तिने अशीच फिरावं.

दुपारी क्वार्टरवर आलो तर शेजारच्या कन्नड अम्मा एळ्ळु-बेल्ल घेऊन दारात उभ्या. तीळ, गूळ, खोबऱ्याचे तुकडे, शेंगदाणे आणि वर उसाचं कांडं. देताना त्या जे म्हणाल्या त्याचा अर्थ आपल्या 'तिळगूळ घ्या, गोड बोला'सारखाच. मला ग्रुपवरचा वाद आठवला आणि वर्गमित्राला फोन करून टाकला. तो म्हणाला, "चौदा तारखेची संक्रांत उद्यापासून खोडतो. पण रसदेचं तू लिहून दे, मला जमणार नाही." लिहून द्यायला मला पुढे चार महिने लागले.

16 तारखेला मला स्टोअरचा चार्ज द्यायचा होता. घेणारा हवालदार नवा, कडक. कंबल मोजताना दोन कमी भरली. माझा चेहरा उतरला. तासाभराने ती गार्डरूममध्ये सापडली. रात्रीच्या ड्यूटीवाल्या पोरांनी थंडीत पांघरायला नेली होती आणि नोंद करायची राहिली होती. त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. मी बाजूला उभा राहून आकडे लिहीत गेलो.