रोखीचा भाव आणि कार्डाचा भाव

नाण्यांच्या व्यापाऱ्यांची बाजू घेऊन मराठीत कुणी लिहिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. जमात तशी बदनामच. म्हटलं, हे पुण्यकर्म आपणच करून टाकावं.

मी न्यू जर्सीत राहतो आणि गेली बरीच वर्षं मॉर्गन डॉलर जमवतो (बायकोच्या भाषेत 'काळी पडलेली चिल्लर'). धनत्रयोदशीला एखादं चांदीचं ईगल घेतो. त्यामुळे आमच्या गोतावळ्यात कुणाला सोन्याचं नाणं घ्यायचं झालं की फोन मला येतो. आणि दर दिवाळीला तोच संताप ऐकावा लागतो. "अरे, भाव एक दाखवतात आणि कार्ड काढलं की चार टक्के चढवतात. चोर आहेत लेकाचे!" भाऊबंद सुशिक्षित आहेत, दोघांकडे तर एमबीएच्या पदव्या आहेत, पण या एका मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत.

माझं मत नेमकं उलटं आहे. कार्डाचा खर्च कुणी सोसायचा या बाबतीत अमेरिकेतल्या सगळ्या दुकानदारांत सगळ्यात सरळ माणूस हा नाणेवाला. लबाडी बाकीच्या दुकानांत चालते. पण तिच्यातला वाटा आपल्या खिशात येतो, म्हणून ती आपल्याला दिसत नाही.

आधी व्यवहार कसा असतो ते सांगतो. मोठ्या व्यापाऱ्यांच्या भावाचा तक्ता असतो. आडव्या ओळी नगांच्या: एक ते नऊ, दहा ते एकोणीस वगैरे. उभे रकाने पैसे देण्याच्या रीतीचे: चेक किंवा वायर, मग क्रिप्टो, मग कार्ड किंवा पेपाल. पहिल्या आणि शेवटच्या रकान्यात साधारण चार टक्क्यांचं अंतर. कॉइन शोमध्ये टेबल मांडून बसलेल्या म्हाताऱ्याकडे तक्ता नसतो. तो चष्म्यावरून बघत एवढंच विचारतो, "कॅश का कार्ड?" आणि मग भाव सांगतो. दोन्हीकडे गोष्ट एकच. कार्डाला खर्च येतो, तो कार्डवाल्याने द्यावा.

आता हा खर्च नाणेवाल्यालाच एवढा का झोंबतो? समजा सोनं औंसाला ४,००० डॉलर आहे (आकडे सोपे जावेत म्हणून घेतलेत). व्यापाऱ्याला एक औंसाचं गोल्ड ईगल तीन टक्के चढ्या दराने, म्हणजे ४,१२० ला पडलं आणि त्याने पाच टक्के चढ्या दराने ४,२०० ला विकलं. सुटले ८० डॉलर. त्यातून दुकानाचं भाडं, विमा, तिजोरी, पोरांचे पगार. आता हेच तुम्ही कार्डाने घेतलंत. कार्डाचा आकार तीन टक्के धरला तर तो त्या ८० डॉलरवर नाही, पूर्ण ४,२०० वर लागतो. १२६ डॉलर! म्हणजे नाणं विकून त्याने ४६ डॉलर गमावले. या उलट कपड्याचं दुकान बघा. १८ डॉलरला पडलेला शर्ट ४० ला विकताना कार्डाचे १ डॉलर २० सेंट गेले, तर त्या दुकानदाराला पत्ताही लागत नाही. तो सोसतो त्याला कारण मनाचा मोठेपणा नाही, नफ्याचा पदर रुंद आहे इतकंच.

जुन्या, दुर्मीळ नाण्यांत हा पदर जरा रुंद असतो. म्हणूनच तिथे व्यापारी कधीकधी कार्डाचा खर्च गिळतो किंवा घासाघीस करू देतो. चोख सोन्याचांदीच्या नाण्यांत त्याला ती सोयच नाही.

शिवाय सोन्याचं नाणं म्हणजे जवळजवळ रोकडच. चोरीच्या कार्डावर घेतलं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात विकलं, संपलं. खऱ्या कार्डधारकाने महिन्या-दोन महिन्यांनी तक्रार केली की बँक पैसे व्यापाऱ्याकडून परत ओढते. नाणं केव्हाच वितळलेलं असतं. वायरने आलेले पैसे असे परत जात नाहीत. चेक वटेपर्यंत तो माल पाठवत नाही, आपण चार दिवस चरफडतो, पण त्या चार दिवसांचीच किंमत म्हणून भाव कमी असतो.

"मग कॉस्टकोत कसा एकच भाव असतो?" हा आमच्याकडचा हुकमी प्रश्न. कॉस्टकोने २०२३ पासून सोन्याच्या लगड्या विकायला काढल्या आणि आपल्या मंडळींना हर्षवायू झाला. बाबांनो, कॉस्टकोच्या नफ्याचा मोठा भाग सभासदांच्या वर्गणीतून येतो. लगडीवर चार पैसे कमी सुटले तरी ती तुम्हाला दारात आणते, आणि मग तुम्ही बदामाचं तीन पौंडी पाकीट घेऊन बाहेर पडता. कोपऱ्यावरच्या नाणेवाल्याकडे ना वर्गणी, ना बदाम.

आता मुख्य मुद्दा. बाकी दुकानांत कार्डाचा खर्च कुठे जातो? भावात. सगळ्यांच्या भावात. दूध, औषधं, सगळं थोडं-थोडं फुगवलेलं असतं, आणि तो फुगवटा नोटा मोजून देणारी बाईसुद्धा भरते. तिला पॉइंट मिळत नाहीत. पॉइंट मला मिळतात. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१० साली याचा हिशेब मांडला होता. रोखीने व्यवहार करणारं सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या पदरात टाकतं, आणि कार्डाने व्यवहार करणाऱ्या कुटुंबाला वर्षाला १,१३३ डॉलर मिळतात. उत्पन्नाप्रमाणे पाहिलं तर वर्षाला २० हजारांच्या आत कमावणाऱ्या घरातून २१ डॉलर जातात, आणि दीड लाखाच्या वर कमावणाऱ्या घरात ७५० येतात. आकडे जुने आहेत, पण यंत्र तेच आहे. एडिसनच्या किराणा दुकानात माझ्या पुढे उभी असलेली, पाच-पाच डॉलरच्या नोटा उलगडून देणारी बाई माझ्या मुंबईच्या तिकिटाला हातभार लावत असते. आणि आपण घरी येऊन सांगतो, "यंदाचं तिकीट फुकट पडलं हो!"

फुकटाचा पैसा कुणाचा असतो हे कळायला नाण्यांचीच एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकन टांकसाळीने २००८ साली एक डॉलरची नाणी घरपोच विकायला सुरुवात केली. लोकांनी नाणं वापरावं, नोट सोडावी, हा हेतू. किंमत एका डॉलरला एक डॉलर, टपालखर्च माफ, आणि कार्ड चालेल! झालं. विमानाचे मैल गोळा करणाऱ्या चतुर मंडळींनी हजारो डॉलरची नाणी कार्डावर मागवली, खोकी तशीच बँकेत नेऊन भरली, त्याच पैशाने कार्डाचं बिल फेडलं, आणि मैल खिशात घातले. नाणी टांकसाळीतून निघून बँकेमार्गे पुन्हा सरकारी कोठारात. कार्डाचा आकार आणि टपालखर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे करदात्यांच्या पैशातून. शेवटी २०११ च्या जुलैत टांकसाळीने या योजनेत कार्ड घेणं बंद केलं. तेव्हाही बरेच जण म्हणाले, काय डोकं लढवलं पठ्ठ्यांनी. तिथे देणारा कोण हे निदान उघड दिसत होतं. दुधाच्या भावात ते दिसत नाही, एवढाच फरक.

हे न दिसणं आपोआप घडलेलं नाही बरं का. इथल्या कायद्याने १९७० च्या दशकात रोखीला 'सवलत' द्यायला परवानगी दिली आणि कार्डावर 'अधिभार' लावायला बंदी घातली. हिशेब तोच, शब्द वेगळा. कार्डवाल्यांच्या गटाला शब्दच महत्त्वाचा होता, कारण सवलत सोडून देणं माणसाला फारसं खुपत नाही, पण अधिभार भरताना पोटात दुखतं. रिचर्ड थेलर यांनी १९८० च्या एका निबंधात ही गोष्ट नेमकी टिपली होती. ती केंद्रीय बंदी १९८४ साली संपली, पण कार्ड कंपन्यांनी दुकानदारांशी केलेल्या करारांत आणि काही राज्यांच्या कायद्यांत ती पुढे कितीतरी वर्षं जिवंत राहिली. न्यूयॉर्कमध्ये एका केशकर्तनालयाने आणि इतर काही दुकानदारांनी त्या राज्याच्या कायद्याविरुद्ध दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ साली न्यायालयाने म्हटलं की हा कायदा भावावर नाही, भाव कसा सांगायचा यावर, म्हणजे बोलण्यावर, नियंत्रण ठेवतो. (थेलर यांना नोबेलही त्याच वर्षी मिळालं.) २०२४ पासून न्यूयॉर्कमध्ये कार्डाचा पूर्ण भाव लिहून दाखवावा लागतो, शेजारी रोखीचा लिहिला तरी चालतो. आमच्या न्यू जर्सीने २०२३ साली ठरवलं की अधिभार दुकानदाराच्या खऱ्या खर्चापेक्षा जास्त नको आणि आधी सांगितलेला हवा. थोडक्यात, दोन भाव शेजारी-शेजारी लिहिण्याची जी रीत नाणेवाले कधीपासून पाळताहेत, तिच्याकडे कायदा आता कुठे सरकतोय.

पुण्याच्या मंडळींनी हसू नये. तुमचा सराफही "कार्ड असेल तर दोन टक्के पडतील हं" असं हळू आवाजात म्हणतोच. लिहून कुठे लावत नाही, कारण बँकेशी केलेल्या करारात ते बसत नाही. डेबिट कार्डावर असा आकार घेणं योग्य नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना कळवलं होतं. तुमचं नशीब असं की जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला आकारच नाही. क्रेडिट कार्डाचा मात्र आहे. तेव्हा एका हाताने घडणावळीत घासाघीस करायची आणि दुसऱ्या हाताने पॉइंटवालं कार्ड पुढे करायचं, हे काही खरं नाही.

एवढी वकिली केल्यावर नाणेवाल्यांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत.

पहिलं म्हणजे 'चेकला चार टक्के सवलत' हे गणित. कार्डाचा भाव १०० असेल तर चेकचा ९६. ९६ वरून १०० वर जायला चार टक्के नाही, ४.१७ टक्के चढावं लागतं. कार्डाचा खर्च साधारण दोन ते साडेतीन टक्क्यांत बसतो. मधली फट थोडी जोखमीची, थोडी तुमच्या हौसेची. जोखमीची मान्य.

दुसरं मात्र अजिबात मान्य नाही, ते म्हणजे डेबिट कार्ड. फेडरल रिझर्व्हने २०११ साली मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डाच्या आकारावर मर्यादा घातली: व्यवहारामागे २१ सेंट अधिक रकमेच्या ०.०५ टक्के, आणि फसवणूक रोखण्यासाठी वर एक सेंट. त्या हिशेबाने ४,२०० डॉलरच्या नाण्यावर होतात २ डॉलर ३२ सेंट. मधल्या कंपन्यांचा वाटा वर धरा, तरी हा आकडा १२६ च्या जवळपास जात नाही. आणि तरीही तुमच्यातले कित्येक जण डेबिट आणि क्रेडिट एकाच रकान्यात कोंबतात. ज्याला क्रेडिट कार्ड मिळत नाही, ज्याच्याकडे चेकबुक नाही, तो पोरगा पहिल्या पगारातून आईसाठी एक नाणं घ्यायला डेबिट कार्ड घेऊन येतो, आणि तुम्ही त्याच्याकडून माझ्या पॉइंटांचे पैसे घेता. तक्त्यात क्रिप्टोला वेगळा रकाना काढायला तुम्हाला जागा सापडते, मग डेबिटला का नाही?