छिद्र पानाला, दोष शेतकऱ्याला

पालेभाजीत विष आहे आणि ते शेतकऱ्याने कालवले आहे, असा सोयीस्कर समज शहरी सुशिक्षितांत रूढ झाला आहे. शेतकरी अडाणी, लोभी. त्याला चार गोष्टी शिकवल्या की प्रश्न मिटला, अशी ही विचारसरणी. पानाला एक छिद्र दिसताच जुडी टोपलीत परत टाकणाऱ्या वर्गानेच ही फिर्याद करावी, यातील विसंगती मात्र कोणाच्या ध्यानी येत नाही.

जुन्नर-आंबेगावकडे वीस गुंठ्यांत मेथी-कोथिंबीर करणाऱ्याचे गणित पाहावे. पीक जेमतेम महिना-दीड महिन्याचे. विकायचे ते पानच. त्यामुळे मावा चिकटला किंवा नागअळीने पानात पांढऱ्या रेघा ओढल्या की सारा माल डागी ठरतो. २०१६ साली राज्यात भाजीपाला नियमनमुक्त होऊन आडत खरेदीदाराने द्यावी असे ठरले. परंतु डाग कशाला म्हणावे, हे ठरविण्याची सत्ता खरेदीदाराकडेच राहिली. दुसरीकडे बी-खत-औषध उधारीने देणारा दुकानदारच अनेक गावांत शेतकऱ्याचा एकमेव सल्लागार असतो. विकणाराच वैद्य झाला, तर पथ्य कोण सांगणार? फवारणीनंतर अमुक दिवस काढणी करू नये, असे डब्यावर छापलेले असते. पण तेवढ्या दिवसांत कोथिंबीर जून होते, भाव उतरतो, आणि ते नुकसान कोणी सोसायचे हे कोणत्याही डब्यावर छापलेले नसते.

शासनाची तऱ्हा याहून निराळी नाही. २००५ साली मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर बंद करण्यात आला. मात्र इतर पिकांसाठी तेच विष त्यानंतरही वर्षानुवर्षे दुकानांत मिळत राहिले. जणू बाटलीतील विषाला शेताचा बांध ओळखता येतो! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हाही हातमोजे का घातले नाहीत, हा प्रश्न मृतांनाच विचारला गेला.

बरे, एवढे विष ओतून कीड तरी हटते काय? कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी डीडीटीला दाद देत नाही, अशी नोंद जावा बेटावर १९५३ सालीच झाली; पुढे आलेल्या अनेक औषधांनाही ती पुरून उरली. फवाऱ्याने आधी मरतात ते किडीचे शत्रू : माव्यावर जगणारे ढालकिडे आणि अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्या. उपाय अज्ञात आहेत असेही नाही. कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावल्यास पतंग मोहरीकडे ओढला जातो, हे बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने दाखवून दिले आहे. पाच टक्के निंबोळी अर्क, पिवळे चिकट सापळे ही साधनेही स्वस्त आहेत. पण मोहरीच्या ओळीत, निंबोळीच्या पोत्यात कोणा कंपनीला नफा नाही. म्हणून त्यांचा प्रचारक गावोगावी फिरत नाही.

हे बदलते ते राज्यसत्तेने ठरवले तर. ज्या जावावर ती नोंद झाली, त्याच इंडोनेशियाने १९८६ साली भातावर सत्तावन्न कीटकनाशकांना बंदी केली, पुढे कीटकनाशकांवरील अनुदान काढून घेतले आणि १९८९ पासून शेताच्या बांधावरच शेतकऱ्यांच्या शाळा भरविल्या. मित्रकीड कोणती, शत्रुकीड कोणती आणि फवारणी केव्हा अनावश्यक, हे शेतकरी तेथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठरवू लागला.

तेव्हा पक्षकार्यकर्त्यांनी शेतकऱ्याला उपदेश करण्याआधी तीन मागण्यांसाठी उभे राहावे : औषधाची शिफारस विक्रेत्याच्या हातून काढून शासकीय कृषी सहायकावर सोपवावी, फवारणी करणाऱ्या मजुराच्या संरक्षक साधनांचा खर्च उत्पादक कंपन्यांवर टाकावा, आणि सहकारी ग्राहक भांडारांनी छिद्र पडलेल्या पानालाही पुरा भाव द्यावा. यांतील शेवटची मागणी शहरातील सहानुभूतीदारांना उद्याच्या बाजारापासून अमलात आणता येईल. अळीने खाल्लेले पान ज्याला चालत नाही, त्याने विषाबद्दल तक्रार करण्याचा अधिकार गमावलेला आहे.