आधी चिंचोके, मग बुद्धिबळ

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, खतांच्या मात्रा आणि हुमणी यांविषयी लिहितो. या वेळी ही जागा एका निराळ्याच विषयासाठी घेत आहोत. विषय आहे बैठ्या खेळांचा. हसू नका, पुढे वाचा.

कारण असे घडले की, गट कार्यालयांतून सभासदांसाठी व त्यांच्या मुलाबाळांसाठी काही बैठे खेळ ठेवावेत, अशी सूचना मध्यंतरी एका बैठकीत पुढे आली. सूचना उत्तम आहे. संध्याकाळी पारावर बसले तर दहांतले आठ जण खाली मान घालून मोबाईलमध्ये, आणि उरलेले दोघे पत्त्यांवर पैसे लावून. बाप एका खोलीत, पोरगा दुसऱ्या खोलीत, आणि दोघांत बोलणे काय, तर "मोटार चालू केली का" आणि "लाईट आली का". तेव्हा काहीतरी केले पाहिजे यात दुमत नाही. पण खरेदीच्या यादीत बुद्धिबळाचे संच आणि 'व्यापार'चे डबे वर आणि बाकी सगळे खाली, हे पाहून आम्हाला लिहिणे भाग पडले. हेतू चांगला, पण वाण चुकले आहे.

ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. काही वर्षांपूर्वी स्वखर्चाने बुद्धिबळाचा एक संच घेऊन आम्ही एका गटात ठेवला. तोडणीची चिठ्ठी न्यायला आलेल्या चार सभासदांना बसवले आणि शिकवायला सुरुवात केली. हत्ती सरळ, उंट तिरपा, घोड्याची अडीच घरे, प्याद्याची पहिली चाल दोन घरांची चालते पण मारायचे मात्र तिरपे. अर्धा तास झाला तरी खेळ सुरू झाला नव्हता. एकाला शेतात पाणी धरायचे आठवले, दुसऱ्याला बँक आठवली. तिसरे जाता जाता म्हणाले, "साहेब, आता ह्या वयात पुन्हा शाळंत घालता व्हय?" तो संच आजही त्या टेबलाच्या खणात जुन्या नोंदवह्यांखाली आहे. एक वजीर हरवला आहे.

आता गंमत पहा. नवीन लागवड पद्धत आणताना हीच चूक आम्ही करत नाही. ज्या शेतकऱ्याने कधी ठिबक पाहिले नाही, त्याला पहिल्याच दिवशी फिल्टर, व्हेंचुरी, विद्राव्य खतांचे वेळापत्रक आणि एक डोळा रोपवाटिका असे सगळे एकदम सांगितले तर तो मान डोलावतो आणि घरी जाऊन पाटानेच पाणी देतो. त्याला शेजाऱ्याच्या वीस गुंठ्यांत नेऊन उभे करावे लागते. ऐकून कोणी शिकत नाही, पाहून शिकतो, आणि हाताने केल्यावर त्याचे होते. शेतीत कळते ते खेळात का कळू नये, हे आमचे आम्हालाच नवल वाटले.

उत्तर मिळाले ते एका पावसात. त्याच गटात बैठक ठेवलेली, आणि ऐन वेळी असा पाऊस आला की कोणाला बाहेर पडता येईना. नवऱ्याच्या पश्चात शेअर नावावर करून घेण्याचे कागद घेऊन एक वयस्कर बाई आलेल्या होत्या. आम्ही वेळ घालवायला बुद्धिबळाचा पट काढला, तशा त्या म्हणाल्या, "आवो, ते घोडं राहू द्या तिकडंच. खडू आहे का?" फरशीवर त्यांनी पाच उभी, पाच आडवी अशी २५ घरे आखली, चारी बाजूंच्या मधल्या घरावर फुली आणि मधोमध एक फुली. चिटबॉयला चिंचोके आणायला पिटाळले. दोन चिंचोके उभे फोडून चार फाका केल्या. आणि चल्लस आठ सुरू झाले. नियम सांगायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. पाऊस कधी थांबला ते कोणाला कळले नाही. एरवी बैठकीत तोंड न उघडणारी माणसे "मार, मार, ती मागची सोंगटी मार" म्हणून ओरडत होती. त्या बाईंनी आम्हाला हरवले, हेही येथे नमूद करतो.

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला तो असा. ज्यांना आपण 'खेळ न येणारे' म्हणतो, ती माणसे खेळणाऱ्याच घरातली आहेत. मध्ये पंचवीस-तीस वर्षे खेळ मोडला, एवढेच. आपल्या जिल्ह्याचेच पहा. तुळजापुरात भारतीबुवांच्या मठाविषयी आख्यायिका आहे की, आई तुळजाभवानी तेथे सारीपाट खेळायला येत असे. खंडोबाची लोककथा तर सर्वांना ठाऊक आहे: म्हाळसेबरोबर सारीपाटात हरला म्हणून देवाला घर सोडून बानूकडे मेंढरे राखावी लागली. वेरूळच्या लेण्यांत शंकर-पार्वती फासे खेळत बसलेले दगडात कोरलेले आहेत. पुढे हाच आपला पचीसीचा पट विलायतेत गेला, तेथे १८९६ साली 'लुडो' या नावाने त्याचे पेटंट घेतले गेले, आणि मग चकचकीत पुठ्ठ्यावर तो आपल्याच दुकानात परत आला. आपली साखर बाहेर जाऊन गोळ्या-बिस्किटे होऊन यावी, तसा प्रकार.

चल्लस आठ पहिल्या दिवसासाठी का बरा, हे जरा खोलात सांगतो, कारण यादीतला कोणताही खेळ याच काट्यावर तोलून पाहता येईल. चार फाका टाकायच्या. पांढरी बाजू जितकी वर, तितकी घरे चालायची. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही काळ्या पडल्या तर आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा टाकायची संधी. प्रत्येकाच्या सोंगट्या चार. खडे, बांगडीच्या काचा, काडीचे तुकडे काहीही चालते. फुलीवर बसलेल्याला मारता येत नाही. आणि बहुतेक गावांत अशी अट असते की, दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही. बस, एवढेच. पहिल्या डावात नवखा माणूस दान पडेल तसा चालत राहतो, आणि दानाच्या जोरावर जिंकूही शकतो, म्हणून त्याची लाज राखली जाते. तिसऱ्या डावापर्यंत त्याच्या लक्षात येते की दान आपल्या हातात नाही, पण चारांतली कोणती सोंगटी हलवायची ते आपल्या हातात आहे. येथून तो खरा खेळाडू होतो. शिवाय सोंगटी मेली तरी माणूस बाहेर पडत नाही. ती पुन्हा घरातून निघते. शेवटपर्यंत चौघेही पटावर.

'व्यापार'मध्ये नेमके हेच होत नाही. ज्याचे दिवाळे निघाले तो उठला, आणि बाकीचे दोन तास खेळत बसले. उठलेला माणूस पुन्हा त्या डब्याकडे फिरकत नाही. या खेळाचे मूळ मात्र आपणा शेतकऱ्यांना माहीत असावे असे आहे. अमेरिकेत लिझी मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ साली 'जमीनदाराचा खेळ' म्हणून एका पटाचे पेटंट घेतले. जमीन थोड्यांच्या हाती गेली की खंड भरणारा कसा भरडला जातो, हे लोकांना खेळातून दिसावे हा त्यांचा हेतू. पुढे त्याचाच 'मोनोपॉली' झाला, आणि दुसऱ्याला भिकेला लावण्यातच मजा वाटू लागली. ज्यांच्या घरी कर्जाच्या नोटिसा येतात, त्यांच्यापुढे करमणूक म्हणून दिवाळखोरीचा डाव मांडणे आम्हाला तरी प्रशस्त वाटत नाही. परदेशातही हे ओळखले गेले आहे. १९९५ साली जर्मनीत क्लाउस टॉयबर या दातांच्या कवळ्या बनविणाऱ्या तंत्रज्ञाने 'कटान' नावाचा खेळ काढला. त्यात धान्य, लोकर, विटा यांची देवघेव करून वस्ती वाढवायची, आणि मध्येच बाद कोणी होत नाही. पुण्या-मुंबईची पोरे तो आज खेळतात. सुट्टीत आलेल्या कोणाच्या पिशवीत असेल तर जरूर पहावा, मात्र किंमत पाहून घ्यावी.

सापशिडीला काही जण पोरखेळ म्हणतात. त्यात चालणाऱ्याच्या हाती काही नाही हे खरे, म्हणून मोठी माणसे दोन डावांत कंटाळतात. परंतु आजी आणि पहिलीतले नातू यांना एका पटावर बसवायचे तर दुसरा खेळ नाही. मूळचा पट 'मोक्षपट' म्हणून ओळखला जाई आणि परंपरा तो ज्ञानदेवांच्या नावाशी जोडते. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे. वारकरी घरात हे सांगितले की आजोबा आपोआप जवळ सरकतात, हा आमचा अनुभव.

चल्लस अंगवळणी पडले की मग वाघ-शेळी काढावी. गावोगाव तिचा पट आणि संख्या वेगळी. नेपाळात चार वाघ व वीस शेळ्या, तामिळनाडूकडे तीन वाघ व पंधरा शेळ्या. येथे फासा नाही, सगळे डोक्यावर. वाघाने उडी मारून शेळी खायची, शेळ्यांनी एकमेकींना चिकटून वाघ कोंडायचा. एकटी सुटलेली शेळी गेलीच म्हणून समजा. (सहकाराच्या भाषणात आम्ही हे उदाहरण देतो, आणि वाघ कोण असा प्रश्न मागून हमखास येतो. उत्तर आम्ही टाळतो.) त्यानंतर नवकंकरी: एकात एक तीन चौकोन, २४ ठिकाणे, प्रत्येकी नऊ खडे, तीन एका ओळीत आले की समोरच्याचा एक उचलायचा. आणि येथपर्यंत आलेल्या पोराला मग बुद्धिबळ द्या. तो घोड्याची अडीच घरे एका दमात शिकेल. बुद्धिबळाशी आमचे वैर नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला, तशी एखादी मुलगी भूम-परंड्यातून निघाली तर कारखान्याच्या दारात तिचा सत्कार करू. पण नांगरट न करता लागण करू नये, एवढेच आमचे म्हणणे.

एक आक्षेप येणार हे माहीत आहे. जुन्या सभासदांपैकी एकाने आम्हाला तोंडावर सांगितले, "फाश्यानं पांडवांचं वाटोळं केलं, अन् तुम्ही फासंच वाटायला निघालात." म्हणणे हलके नाही. फाश्याने नव्हे, पणाने घात झाला, असे आमचे उत्तर आहे. मोबाईलवरच्या रमीत उसाची बिले गेलेली घरे आपणही ऐकून आहात. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा करावा लागला. कायद्याने दुकान बंद होते, रिकामी संध्याकाळ भरत नाही. म्हणून गट कार्यालयात एकच नियम असावा: पैसा नाही, तंबाखूची पुडी नाही, चहाचीसुद्धा पैज नाही. चहाने सुरुवात होते आणि सरकत सरकत कोठे जाते, ते आम्ही पाहिले आहे.

आणखी एक. हंगामात बीडकडून आणि आपल्याही तालुक्यांतून तोडणीची कुटुंबे येतात. त्यांची लेकरे दिवसभर कोपीपाशी लहान भावंडे सांभाळत बसलेली असतात. त्यांना डबे देऊन उपयोग नाही, मुक्काम हलला की सोंगट्या हरवणार. त्यांना खडूचा तुकडा आणि चार फाका पुरतात. दान मोजता मोजता बेरीजही येते.

तरी संचालक मंडळास विनंती की, पहिल्या वर्षी खरेदी थोडकी ठेवावी. प्रत्येक गटात फरशीवर रंगाने चल्लसचा आणि वाघ-शेळीचा पट आखून घ्यावा, सोबत सापशिडी दोन, कॅरम एक. बुद्धिबळाचे संच पुढच्या हंगामी, जेथून मागणी येईल तेथेच. ज्या भगिनींना हे खेळ येतात त्यांनी आपल्या गटप्रमुखाकडे नाव द्यावे, शिकविण्यासाठी त्यांनाच बोलावू. आपल्या गावचा पट किंवा नियम वेगळा असेल तर कागदावर आखून चिटबॉयजवळ द्यावा, पुढच्या अंकात छापू. चिंचोके मात्र ज्याने त्याने घरून आणावेत.

आपला,
ऊस विकास अधिकारी