तालमीची खोली आणि फोमचा व्यापार

कलापथकाची गाणी आता पटांगणात कमी आणि मोबाइलवर अधिक ऐकली जातात, ही वस्तुस्थिती मान्य करूनच पुढचा विचार केला पाहिजे. कुणाला याची खंत वाटेल, मलाही वाटते. परंतु जे गाणे घराघरांत जाऊ शकते ते घराघरांत समजले पाहिजे, एवढी किमान जबाबदारी गाणाऱ्यांवर येतेच. ती पार पाडण्याच्या आड एक अगदी क्षुल्लक दिसणारी गोष्ट येते. ती म्हणजे ज्या खोलीत गाणे ध्वनिमुद्रित होते ती खोली.

आमच्या गावच्या कलापथकाला मी माझ्या घराची मागची खोली तालमीसाठी दिली आहे. १० फूट रुंद, १२ फूट लांब, १० फूट उंच; खाली फरशी, वर स्लॅब, चहूबाजूंनी सिमेंटचा गिलावा. मुलांनी वर्गणी काढून बऱ्यापैकी मायक्रोफोन घेतला, शेतमजुरीच्या दरांवरचे एक गाणे मुद्रित केले आणि वाड्यावस्त्यांवर धाडून दिले. आठवड्याने आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या, स्वतः मजुरी करणाऱ्या आजींना मी विचारले, गाणे ऐकले का? त्या म्हणाल्या, "ऐकलं की सर. आवाज लई मोठा हाय, पन पोरं काय म्हनत्यात ते कळंना." ज्यांच्यासाठी गाणे रचले त्यांनाच त्याचे शब्द कळू नयेत, यापरते अपयश ते कोणते?

मुलांचा पहिला तर्क असा की मायक्रोफोन हलका पडला. दुसरा अधिक महाग घ्यावा. मी अर्थशास्त्राचा माणूस. ध्वनिशास्त्र माझा विषय नव्हे. तथापि सेवानिवृत्तीत वेळ मिळतो, म्हणून वाचू लागलो, आणि दोष यंत्राचा नसून भिंतींचा आहे हे ध्यानात आले.

हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच शास्त्रशुद्ध रीतीने सोडवला गेला आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील नवे व्याख्यानगृह सुरू झाले आणि तेथे व्याख्यात्याचे बोलणेच कुणाला कळेना. वॅलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम सोपवण्यात आले. रिकाम्या दालनात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राहतो, असे त्याला आढळले. मग जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्रीच्या रात्री वाहून आणायच्या, त्या थोड्या थोड्या मांडून निनाद किती घटला ते मोजायचे आणि सकाळच्या आत पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवायच्या, असा क्रम त्याने चालवला. मोजमापासाठी त्याने घेतलेले एकक तर फारच सुंदर आहे: उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. म्हणून कोणतीही वस्तू किती चौरस फूट उघड्या खिडकीइतका ध्वनी गिळते, हे तिचे शोषण. (हा शब्द या पृष्ठावर एरवी निराळ्या अर्थाने येतो, येथे तो शब्दशः आणि इष्ट अर्थाने घ्यावा.)

आमच्या खोलीचा हिशेब या मापाने मांडून पाहिला. घनफळ १२०० घनफूट, भिंती, फरशी आणि छत मिळून पृष्ठभाग ६८० चौरस फूट. गिलावा आणि फरशी आपल्यावर आदळलेल्या ध्वनीचा शेकडा तीनच्या आसपासच भाग शोषतात. म्हणजे आवाजाच्या दृष्टीने आमच्या खोलीला जेमतेम २० चौरस फुटांची खिडकी आहे. सॅबाइनच्या सूत्राप्रमाणे घनफळाला ०.०४९ ने गुणावे आणि शोषणाने भागावे; उत्तर येते जवळजवळ २.९ सेकंद. चार माणसे आत बसली की त्यांच्या अंगाची आणि कपड्यांची भर पडून ते दीड सेकंदाच्या घरात उतरते. एका सेकंदात माणूस चारपाच अक्षरे सहज बोलतो. तेव्हा प्रत्येक नवे अक्षर आधीच्या सहासात अक्षरांच्या राडारोड्यावर पडते. आजींना शब्द कळले नाहीत यात नवल ते काय!

येथे बाजार पुढे सरसावतो. त्रिकोणी धारांचे काळे वा तांबडे फोमचे तुकडे 'साउंडप्रूफ' म्हणून विकले जातात. चित्रफितींत प्रत्येक गायकाच्या मागे ते दिसतात, म्हणून मुलांनाही तेच हवे होते. ते महाग म्हणून मीच शहाणपणाने अंड्यांचे ट्रे सुचवले, अंडेवाल्याकडून दोनशे गोळा केले आणि दोन दिवस खपून चिकटवले. फरक जवळपास शून्य. ट्रेचा आकार फोमसारखा दिसतो इतकेच. पातळ पुठ्ठ्याने ध्वनी शोषला जात नाही. थर्मोकोलचीही तीच गत, कारण त्यातील छिद्रे बंद असतात आणि हवा आतून खेळत नाही. उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतील भेद मी उभ्या हयातीत वर्गात शिकवला. इतके चोख उदाहरण त्या काळात हाती लागले असते तर बरे झाले असते.

बरे, खरा फोम तरी काय करतो? शोषक थर तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास जाड असला, अथवा भिंतीपासून तेवढा पुढे असला, तर तो पुरते काम करतो. १००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर, तर १०० हर्ट्झची जवळजवळ साडेतीन मीटर. भिंतीला चिकटवलेला इंचभर फोम वरचे बारीक नाद तेवढे खातो. ढोलकीच्या धुमेचा घुमारा जसाच्या तसा राहतो. म्हणजे स, श, च, ट यांची धार बोथट होते आणि ज्याचा त्रास होता तो गोंगाट शिल्लक उरतो.

यापेक्षा गंभीर गोष्ट आगीची आहे. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात २००३ साली 'स्टेशन' नावाच्या संगीतगृहात शोभेच्या दारूची ठिणगी भिंतीवरच्या पॉलियुरेथेन फोमवर पडली आणि १०० माणसे मेली. हा फोम शेजाऱ्याने आवाजाची तक्रार केली म्हणून बसवलेला होता. २०१३ साली ब्राझीलमधील सांता मारिया येथे 'किस' क्लबात २४२ जण गेले. २०१५ साली बुखारेस्टच्या 'कोलेक्तिव' क्लबात ६४. दोन्ही ठिकाणी ज्वालाग्राही फोम आणि त्याचा विषारी धूर. रुमानियात लोक रस्त्यावर उतरले आणि पंतप्रधानांना पायउतार व्हावे लागले. स्वस्त फोम, परवाने देणारी डोळेझाक आणि तरुणांचे मरण ही साखळी आपल्याला परकी नाही. आपल्या खोलीत शोभेची दारू उडत नाही हे खरे. पण जुनाट वायरिंग, एकाच प्लगात खुपसलेली चार यंत्रे आणि एकुलता एक दरवाजा हे सारे असते.

मग करावे काय? आम्ही केले ते सांगतो. चार इंच खोलीच्या, चार फूट बाय दोन फूट अशा लाकडी चौकटी गावच्या सुताराकडून करून घेतल्या. त्यांत रॉकवूलच्या जाड लाद्या भरल्या. बॉयलर आणि वातानुकूलनाच्या नळ्यांभोवती हीच वापरतात आणि ती पेट घेत नाही. कापताना तंतू उडतात, तेव्हा नाकातोंडाला फडके आणि हातमोजे हवेतच. वरून मांजरपाट ताणून बसवले. अशा बारा चौकटी झाल्या: चार कोपऱ्यांत तिरक्या उभ्या, कारण खालचे स्वर कोपऱ्यांत साचतात, बाकीच्या समोरासमोरच्या भिंतींवर चार इंच अंतर सोडून, आणि दोन गाणाऱ्याच्या डोक्यावर छताला. सुमारे १०० चौरस फूट झाले. हिशेबाप्रमाणे निनाद अर्ध्या सेकंदाच्या आत यायला हवा. मोजण्याचे यंत्र आमच्याकडे नाही, परंतु टाळी वाजवली की पूर्वी जी फडफड ऐकू येई ती थांबली आहे. एकूण खर्च मुलांना हव्या असलेल्या नव्या मायक्रोफोनच्या निम्म्यानेही झाला नाही.

एवढेही ज्यांना शक्य नसेल त्यांनी भिंतीपासून वीतभर अंतरावर दोरी बांधून घरच्या गोधड्या दुहेरी-तिहेरी टाकाव्यात. आमच्या बायाबापड्यांनी जुन्या लुगड्यांचे थरावर थर टाचून जे केले आहे त्याला दुकानातला इंचभर फोम हार जातो. गोधडी मात्र पेटते, हे विसरू नये. विडी, उदबत्ती आणि उघडी वायर तिच्यापासून दूर ठेवावी.

एक गोष्ट मात्र यातली कोणतीही युक्ती करत नाही. आतला आवाज बाहेर जाणे थांबत नाही. शोषण वेगळे आणि रोध वेगळा. रोधाला वजन लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. भिंतीचे वजन दुप्पट केले तर जेमतेम ६ डेसिबेल पदरात पडतात. तीन फूट रुंद दाराखाली पाऊण इंचाची फट म्हणजे दाराच्या क्षेत्रफळाचा शंभरावा हिस्सा, पण तेवढ्यानेच दार कितीही जाड असले तरी त्याची रोधशक्ती २० डेसिबेलच्या पुढे जात नाही. फट बुजवली की खोलीत वारा येत नाही, आणि मग वाऱ्यासाठी निराळा खर्च.

आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी मुलगी परिचारिका आहे. तिला पंधरवड्यातून सात दिवस रात्रपाळी असते. कायदा रात्री १० ते सकाळी ६ एवढ्याच वेळेला रात्र म्हणतो. तिची रात्र सकाळी नऊला सुरू होते. श्रमिकांची गाणी म्हणायची आणि भिंतीपलीकडच्या श्रमिक बाईची झोप मोडायची, हे मला पटेना. मुले म्हणाली, "सर, आपण फोम दुप्पट लावू." त्यांना वरचे सारे पुन्हा समजावून सांगावे लागले. अखेर तिच्याकडूनच पाळीचा तक्ता घेऊन खोलीच्या दारावर लावला. त्याप्रमाणे तालीम हलते.

परंतु ज्यांच्याकडे मागची खोलीच नाही त्यांचे काय? दोन खोल्यांत सात माणसे राहणाऱ्या घरातला शाहीर गोधड्या कोठे टांगणार? नगरपरिषदेच्या शाळांचे वर्ग सायंकाळी साडेपाचनंतर कुलूपबंद असतात. त्यांपैकी एक वर्ग, आठवड्यातून चार दिवस, गावातील सर्व पथकांना, भजनी मंडळांना आणि बँडवाल्या पोरांनाही पाळीपाळीने मिळावा, असा अर्ज आम्ही दिला आहे. विजेचे बिल वाटून घेण्याची तयारी दर्शवली आहे आणि किल्ली कोणाकडे राहील तेही लिहून दिले आहे. चौकटी आम्ही स्वतः बनवून बसवू. सुतार तयार आहे.