मोतीबिंदू नाही म्हणजे डोळा ठीक, असे नव्हे



दुबलगुंडी-हुमनाबादच्या आपल्या भागात नेत्रशिबिर म्हटले की मोतीबिंदूचे शिबिर, असाच अर्थ घेतला जातो. रांगेत उभे राहायचे, अक्षरे वाचायची, डोळ्यावर बॅटरी मारून घ्यायची. मोतीबिंदू निघाला तर ऑपरेशनसाठी नाव लिहिले जाते, नाही निघाला तर चश्म्याचा नंबर मिळतो आणि माणूस निश्चिंत मनाने घरी जातो. पण ज्याला मधुमेह, म्हणजे आपल्या बोलण्यातली ‘शुगर’, आहे त्याने एवढ्यावर निश्चिंत होऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक नाजूक पडदा असतो. कॅमेऱ्यातल्या फिल्मप्रमाणे त्यावर चित्र उमटते. या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या केसाहूनही बारीक असतात. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की त्या कमकुवत होतात, पाझरतात, काही बुजतात. मग पडद्याच्या काही भागाला रक्त पुरत नाही.

कालव्याच्या टेलला ज्याचे रान आहे त्याला पुढची गोष्ट लगेच समजेल. पाणी टेलपर्यंत पोहोचले नाही की शेतकरी घाईने मिळेल तिथून कच्चा चर काढतो. पाणी येते, पण चर फुटतो आणि उभ्या पिकात चिखल होतो. उपाशी राहिलेला पडदाही असेच करतो. तो एक द्रव्य सोडतो आणि त्याच्या जोरावर नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात. ऐकायला हे चांगले वाटते, परंतु या वाहिन्या कच्च्या असतात. त्या जरा ताण पडताच फुटतात व डोळ्यात रक्त साचते. त्यांच्यासोबत वाढणारे चिवट धागे पडद्याला ओढून जागेवरून सोडवतात. कधी अशा वाहिन्या डोळ्याच्या पुढच्या भागातही वाढतात. तेव्हा डोळ्यातला दाब चढून असह्य दुखते.

ही वाढ बाहेरून दिसत नाही. उन्हाधुळीत राबणाऱ्यांच्या डोळ्यात बुबुळाकडे सरकणारे मांस आपण सर्वांनी पाहिले आहे. ती गोष्ट वेगळी. पडद्यावरच्या वाहिन्या आरशात दिसत नाहीत, दुखत नाहीत, आणि बराच काळ नजरही चांगली राहते. एक दिवस अचानक डोळ्यापुढे काळे ठिपके, कोळिष्टके किंवा लालसर पडदा येतो, तेव्हा रोग पुष्कळ पुढे गेलेला असतो.

हा आजार शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचा, असे समजू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी लोक आहेत. चाळिशीपुढील लोकांच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत दर आठ मधुमेहींपैकी एकाच्या पडद्यावर या आजाराच्या खुणा आढळल्या. पंचविसांत एकाची नजरच धोक्यात होती. तीत खेड्यातले लोकही होते.

काही जण म्हणतील, पन्नाशीपुढच्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदूच आहे, मग शिबिराचा पैसा त्यावरच का लागू नये? म्हणणे खरे आहे. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत अशा अंधत्वापैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे होते. ती शिबिरे चालू राहिलीच पाहिजेत. पण एक फरक ध्यानात घ्यावा. साधा मोतीबिंदू सुगी होईपर्यंत थांबला, तरी ऑपरेशननंतर नजर बहुधा परत येते. पडद्याचा मेलेला भाग परत येत नाही. म्हणून जो आजार थांबत नाही, त्याला आपल्या शिबिरात जागा हवी.

उपाय आहेत. लेझर किरणांनी पडद्याच्या कडेच्या भागावर बारीक डाग देतात. त्या भागाची रक्ताची मागणी घटते आणि कच्च्या वाहिन्या सुकतात. या उपायाने नजर जाण्याचा मोठा धोका निम्म्याहून कमी होतो, हे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात १९७६ सालीच दिसून आले. रात्रीचे व बाजूचे दिसणे थोडे उणे होऊ शकते, पण मधली नजर वाचते. दुसरा उपाय इंजेक्शनचा. वाहिन्या वाढवणारे ते द्रव्य १९८९ साली अमेरिकेत नेपोलिओने फेरारा यांनी वेगळे करून ओळखले. त्याला अडवणारे औषध आज डोळा बधिर करून आत देतात. अशी औषधे महाग आहेत, तशी स्वस्तही आहेत. स्वस्त म्हणजे कमअस्सल असे धरू नये, डॉक्टरांना विचारावे.

इथे शेतकऱ्याने एक गोष्ट स्पष्ट बोलावी. इंजेक्शन एकदा घेऊन भागत नाही. सुरुवातीला बहुधा दर महिन्याला जावे लागते. पेरणीत किंवा तुरीच्या राशीत चार-सहा महिने फेरी चुकली तर रोग जोराने उलटू शकतो. लेझरचा परिणाम जास्त टिकतो. तेव्हा ‘साहेब, आम्हाला दर महिन्याला येणे जमणार नाही’ हे डॉक्टरांना आधीच सांगावे. त्यात लाज नाही. त्यावरून उपाय ठरतो.

पानांचा रस, मध, एरंडेल डोळ्यात घालून पडद्याला काही पोहोचत नाही. उलट डोळ्याला इजा होते.

आता शिबिरे भरवणाऱ्या मंडळींना आमची विनंती. रांगेतला पहिला प्रश्न ‘शुगर आहे का?’ हा असावा, आणि पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा सोबत असावा. हे अवघड नाही. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने एका आरोग्य कर्मचाऱ्याने २१३ मधुमेहींच्या पडद्याचे फोटो काढले व यंत्राने ते जागेवरच तपासले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तज्ज्ञाकडे पाठवण्याजोगा एकही रुग्ण यंत्राच्या नजरेतून सुटला नाही. काही बिनआजारी मात्र जास्तीचे निवडले गेले. उगाच एक फेरी झाली तर एक दिवस बुडतो. आजार सुटला तर डोळा जातो.

घरातल्यांनी एवढे करावे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने आशाताईंकडे किंवा दवाखान्यात साखर तपासून घ्यावी. मोठ्या वयात मधुमेह निघाला की त्याच वेळी, आणि मग दर वर्षी, औषध घालून बाहुली मोठी करून पडदा तपासावा. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईने दिवस राहताच ही तपासणी करावी. साखरेबरोबर रक्तदाबही ताब्यात ठेवावा, तंबाखू सोडावी. बिदर-कलबुर्गीच्या सरकारी मोठ्या दवाखान्यांत नेत्रविभाग आहेत. तिथे ‘पडद्याची तपासणी करायची आहे’ असेच शब्द वापरावेत. औषधाने काही तास अंधुक दिसते व ऊन सोसत नाही, म्हणून सोबतीला कोणी न्यावे, स्वतः मोटारसायकल चालवू नये.

नांगरट, पेरणी, रास यांचे दिवस आपण चुकवत नाही. घरात ज्याला शुगर आहे त्याच्या पडद्याच्या तपासणीचा महिनाही असाच ठरवून टाकावा आणि घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. नजर चांगली आहे तेव्हाच जावे, कारण वाचवण्यासारखे तेव्हाच पुष्कळ असते.