ट्रॅक्टरची तेलगळती : घरचा उपाय आणि त्याची मर्यादा

ट्रॅक्टर उभा राहतो त्या जागी तेलाचा काळा डाग पुष्कळ ठिकाणी दिसतो. ‘जुने यंत्र गळावयाचेच’ असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते. आमच्या मते ही समजूत सोडून दिली पाहिजे. दर सेकंदास एक थेंब गळत असेल आणि ३० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दहा तासांच्या नांगरटीत १,२०० मिलिलिटर तेल मातीत जाते. तेल घटले की बेअरिंगांना वंगण मिळत नाही. मग इंजिन जाम होते आणि ऐन पेरणीत वाफसा हातचा जातो.

दुर्लक्षाइतकाच उतावळेपणाही घातक होय. दिसेल तो बोल्ट आवळणे हा उपाय नव्हे. टॅपेट कव्हरचे बोल्ट फाजील आवळल्यास पत्रा वाकतो, कॉर्कचे पॅकिंग चिरडते व गळती उलट वाढते. म्हणून आधी शोध, मग पाना, हा क्रम ठेवावा. इंजिन थंड असताना तो भाग डिझेलच्या चिंधीने पुसून कोरडा करावा, इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे आणि मग निरखून पाहावे. तेल खाली ओघळते व पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरते. यास्तव सर्वांत वरचा व पुढचा ओला भाग हाच बहुधा गळतीचा उगम असतो.

पुष्कळ गळत्यांचे कारण साधे असते. तेल खुणेच्या वर भरलेले नसावे. ब्रीदर तुंबला असेल तर इंजिनातील दाब वाढून चांगल्या पॅकिंगमधूनही तेल बाहेर पडते. तो स्वच्छ करावा. ड्रेन प्लगचा वॉशर दबलेला असल्यास नवा घालावा. फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग चिकटून राहिली नाही ना, हे पाहावे. नवे पॅकिंग बसविताना दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करून समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जावे. गळालेले व काढलेले तेल डब्यात धरावे. ते विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये.

मात्र घरच्या दुरुस्तीस मर्यादा आहे. हायड्रॉलिकच्या नळीस हात लावण्यापूर्वी अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे व लिव्हर हलवून दाब काढावा. बारीक फवारा बोटाने कधीही चाचपू नये. तेल कातडी भेदून शरीरात शिरते. शोध घेण्यास पुठ्ठा वापरावा. तेल शिरल्यास जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. क्रँकशाफ्टचे मागचे सील बदलण्यास इंजिन व क्लचचा भाग अलग करावा लागतो. मागच्या अ‍ॅक्सलचे सील गेले तर तेल ब्रेकवर उतरण्याचा धोका असतो. असा ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीसह रस्त्यावर नेऊ नये. ही दोन्ही कामे कुशल मेकॅनिकचीच होत.

नव्या यंत्राच्या प्रात्यक्षिकास गावात गर्दी होते. जुने यंत्र राखण्याचे प्रात्यक्षिक क्वचितच होते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी एक दिवस गावातील ट्रॅक्टर एकत्र आणून गळती कशी शोधावी हे दाखवावे. त्यासाठी चिंधी, पुठ्ठा व पाना एवढे साहित्य पुरे आहे. शेतकरी बंधूंनीही रोज सकाळी तेलाची पातळी पाहण्याचा नेम ठेवावा. बैलाच्या खांद्यास घट्टा पडू नये म्हणून जपणाऱ्या शेतकऱ्यास हे अवघड नाही.