मागच्याला येऊ दे की!

सुट्टीत ग्रुपने सायकलवरून कोकण करायचं, हे फॅड नाही राहिलं आता. मस्तच! पण आपल्यातले अर्धे ग्रुप सागरी महामार्गावरही ॲव्हरेज स्पीडच मोजत बसतात. जो मागे पडला त्याला 'टेम्पोत बस' सांगायचं आणि पुढे सुटायचं. मला हे अजिबात पटत नाही.

मुळात हा रस्ता शर्यतीचा नाहीच. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा खाड्या आडव्या येतात. कितीही जोरात हाणा, जेटीवर फेरीबोटीसाठी थांबावंच लागतं. तेवढ्यात मागचा घामाघूम होत पोचतो आणि त्याच बोटीत चढतो. मग मिळवलं काय? खाडी ओलांडली की पुन्हा चढ. तिथे दम सगळ्यांनाच लागतो, कबूल कमीच जण करतात.

माझं म्हणणं एवढंच, सगळ्यात स्लो असलेल्याला पुढे ठेवा. वेग त्याला ठरवू दे. दिवसाला वीस किलोमीटर कमी झाले तर होऊ देत, आरे-वारेच्या चढावरून समुद्र तरी नीट बघाल. आणि पंक्चरचं किट मात्र शेवटच्याकडेच द्या. पुढच्याची ट्यूब फुटली, तर मागून येणाराच कामाला येतो.